खान्देशातल्या ओपीडीतून मणक्याचं संशोधन कसं सुरू करावं

२००१ साली एका ब्रिटिश अस्थिरोग नियतकालिकात ६१ मुलांवरचा एक शोधनिबंध छापून आला. मुलं मणक्याच्या टीबीची होती, गोळ्या घेऊन बरी झालेली. कोइमतूरच्या डॉ. एस. राजशेखरन यांनी ती पुढची १५ वर्षं पाहिली. टीबी गेल्यावरही काहींचं कुबड वाढत राहिलं, काहींचं वाढत्या वयात आपोआप उतरलं. कोणाचं वाढणार हे सुरुवातीच्या साध्या एक्स-रेवर ओळखता येईल अशा चार खुणा त्यांनी मांडल्या: मागचे सांधे एकमेकांपासून सुटणं, रोगट भाग मागे ढकलला जाणं, मणका बाजूला सरकणं आणि वरचा मणका खालच्यावर कलंडणं. दोनाहून जास्त खुणा दिसल्या, तर त्या पोराचं कुबड पुढे बरंच वाढणार. आज जगभर या खुणा 'स्पाइन ॲट रिस्क' या नावाने शिकवल्या जातात.

या कामाला लागलं काय? एक्स-रे, कोन मोजायची पट्टी, आणि १५ वर्षं ६१ पोरांचा पत्ता हरवू न देणं. पहिल्या दोन गोष्टी धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्हीकडे आहेत. तिसरी अवघड आहे, आणि म्हणून या लेखात मी तिच्यावरच जास्त बोलणार आहे.

हा लेख एमएस ऑर्थोच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटसाठी आहे, डीएनबी करणाऱ्यांसाठी आहे, आणि एमबीबीएस करतानाच मणक्याकडे ओढ लागलेल्या पोरा-पोरींसाठीही. आपल्याकडे तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तरी रेसिडेंट दरवर्षी विचारतात, संशोधन करायचं तर मुंबई-पुण्यालाच जायला हवं ना? शिकायला जरूर जा. पण ज्या पेशंटवर हे संशोधन व्हायला हवं, तो सावद्याच्या केळीच्या बागेत आणि धडगावच्या पाड्यावर आहे.

पायरी १: आधी वही

विषय सुचायच्या आधी, सिनॉप्सिसच्या (थेसिसच्या आराखड्याच्या) आधी, वही. रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात मणक्याच्या प्रत्येक पेशंटची नोंद सुरू करा. विषय सहा महिन्यांनी ठरला तरी तोवरचे पेशंट हातचे जाणार नाहीत.

माझी स्वतःची चूक सांगतो. मी रेसिडेंट होतो तेव्हा थेसिससाठी ऑपरेशन झालेल्या पेशंटचे फोन नंबर मोठ्या काळजीने उतरवून ठेवले होते. वर्षभराने फोन करायला बसलो तर अर्धे नंबर मुकादमाचे निघाले. पेशंट ज्या टोळीबरोबर गेला होता, त्या टोळीच्या मुकादमाचा नंबर. हंगाम संपला, टोळी फुटली, आणि माझे पेशंटही गेले. थेसिस कशीबशी पूर्ण झाली, पण त्यातून छापण्याजोगा एक कागद निघाला नाही.

म्हणून वहीत काय हवं ते नीट सांगतो. पेशंटचं नाव आणि बापाचं किंवा नवऱ्याचं नाव. गावाबरोबर पाडा. बाईमाणूस असेल तर सासर आणि माहेर, दोन्ही गावं. दोन फोन नंबर, आणि प्रत्येक नंबरापुढे तो कोणाचा आहे: स्वतःचा, पोराचा, दुकानदाराचा, सरपंचाचा. गावच्या आशाताईंचं नाव. टीबी असेल तर निक्षय क्रमांक, कारण सरकारी टीबी कार्यक्रमात तो पेशंट त्या क्रमांकावर सापडतो. वर्षातले कोणते महिने तो गावाबाहेर असतो आणि कुठे, हाही एक रकाना ठेवा. ही नोंद कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही आणि आपल्याकडे तिच्याशिवाय चालत नाही.

मग तक्रार, पेशंटच्याच शब्दांत. 'गादी सरकली', 'मणक्यात गॅप', 'नस दबली' हे शब्द त्याला आधीच्या कोणीतरी दिलेले असतात. त्यामागे जाऊन विचारा. 'पायले मुंग्या येतस' म्हणणारी आजी नेमक्या कोणत्या बोटांवर हात ठेवते, ते लिहा. किती चालल्यावर बसावं लागतं हे मीटरमध्ये तिला सांगता येणार नाही. घरापासून मारुतीच्या पारापर्यंत जाता येतं का, हे सांगता येईल. तेच दर वेळी विचारा. पायाच्या स्नायूंची ताकद ० ते ५ मध्ये, डावी-उजवी वेगळी, लघवी-संडासवर ताबा आहे की नाही, आणि मज्जारज्जूला मार असेल तर आसिया श्रेणी ए ते ई (ए म्हणजे संवेदना-हालचाल पूर्ण गेलेली, ई म्हणजे सगळं शाबूत). ऑपरेशनच्या आधी ही नोंद राहून गेली तर नंतर कशानेही भरून निघत नाही.

एक्स-रे आणि एमआरआयच्या फिल्म पेशंट घरी नेतो. पावसाळ्यात त्या एकमेकींना चिकटतात, कधी घर शाकारताना हरवतात. त्याच दिवशी सीडीवरून मूळ फाइल उतरवून घ्या. सीडी नसेल तर व्ह्यू बॉक्सवर फिल्म लावून, मोबाइल सरळ समोर धरून फोटो काढा. त्यात तारीख आणि बाजू दिसली पाहिजे, नाव झाकलेलं पाहिजे.

वहीतून एक्सेलमध्ये उतरवताना एका रकान्यात एकच गोष्ट लिहा. 'एल४-५ डावी, ताकद कमी' असं एकाच चौकटीत कोंबू नका. माहिती मिळाली नसेल तर चौकट रिकामी सोडा, शून्य लिहू नका. शून्य म्हणजे 'दुखत नाही', रिकामं म्हणजे 'विचारलं नाही', आणि या दोहोंची सरमिसळ झालेला तक्ता मी वाया गेलेला पाहिला आहे. नावांची यादी आणि सांकेतिक क्रमांकांचा तक्ता वेगवेगळे ठेवा. नावांची यादी कुलपात.

पायरी २: प्रश्न आपल्याच ओपीडीतून

रेसिडेंट बहुतेक वेळा चुकीच्या दिशेने निघतात. परिषदेत पाहिलेलं नवं इम्प्लांट किंवा रोबो डोळ्यांसमोर ठेवून ते विषय शोधतात, आणि मग तसे पेशंट येण्याची वाट बघत बसतात. माझं म्हणणं उलट आहे. तुमच्या ओपीडीत जे रोज येतं आणि ज्याचं उत्तर तुमचे वरिष्ठ दोन वेगवेगळ्या प्रकारे देतात, तो विषय.

खान्देशापुरतं बोलायचं तर मला पहिला विषय दिसतो सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचा. सातपुड्याच्या पट्ट्यात, भिल्ल आणि पावरा समाजात हा आजार बराच आहे. २०२३ च्या १ जुलैला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, त्यामुळे तपासण्या वाढल्या आणि निदान झालेले पेशंट आता समोर येत आहेत. सिकलसेलमध्ये मणक्याच्या पृष्ठभागाचा मधला भाग रक्त न मिळाल्याने खचतो आणि एक्स-रेवर मणका इंग्रजी 'एच' अक्षरासारखा दिसतो. आता तोरणमाळहून बारा वर्षांचं पोर पाठदुखी आणि ताप घेऊन आलं, तर ते काय आहे? सिकलसेलचा झटका, मणक्याचा टीबी, की सिकलसेलच्या पेशंटमध्ये साल्मोनेला जंतूने होणारा हाडाचा संसर्ग? तिन्हींचे उपचार वेगळे. टीबी समजून वर्षभर गोळ्या दिल्या तर पोराचं नुकसान, आणि झटका समजून घरी पाठवलं तर त्याहून मोठं. कोणती लक्षणं, कोणत्या साध्या तपासण्या या तिघांना वेगळं करतात? हा प्रश्न आपल्या भागाचा आहे आणि त्याचं चांगलं उत्तर साऱ्या आदिवासी पट्ट्यांना कामी येईल.

दुसरा विषय टीबीचाच. हाडांच्या टीबीत जवळपास निम्मा मणक्याचा असतो. पर्सिव्हल पॉटने १७७९ मध्ये वर्णन केलेल्या या आजाराची आजची बरीच समज आशियातल्या सरकारी दवाखान्यांतून आली आहे. कोरियातल्या मसान आणि पुसानमध्ये १९६०-७० च्या काळात झालेल्या चाचण्यांनी दाखवलं, की औषधं नीट चालू असतील तर महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवणं किंवा प्लास्टरचं जाकीट घालणं यांनी वेगळा फायदा होत नाही. वाराणसीच्या डॉ. तुली यांनी १९७५ मध्ये 'मधला मार्ग' मांडला: सगळ्यांना औषधं, आणि शस्त्रक्रिया फक्त ज्यांना खरी गरज आहे त्यांना. आपल्याकडे अजून न सुटलेलं साधं कोडं म्हणजे उशीर. पहिली पाठदुखी आणि निदान यांत किती महिने गेले, आणि ते कुठे गेले? भगताकडे, तालुक्याच्या इंजेक्शनवाल्याकडे, की आपल्याच ओपीडीत 'कंबरेची शीर' म्हणून? हा अभ्यास करताना आपलीही चूक बाहेर येईल. तरीही करा.

तिसरा विषय केळीचा. रावेर-यावल भागात वीस-पंचवीस किलोचा घड डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन बागेतून रस्त्यापर्यंत माणसं दिवसभर फेऱ्या मारतात. त्यांची मान आणि कंबर कोणी नीट मोजली आहे का? पण 'केळी कामगारांची पाठदुखी' हा विषय झाला, अजून प्रश्न झाला नाही. प्रश्न असा होईल: पाच वर्षांहून जास्त काळ डोक्यावर घड वाहणाऱ्या पुरुषांमध्ये मानदुखीचं प्रमाण त्याच गावातल्या, त्याच वयाच्या, पण ओझं न वाहणाऱ्या शेतमजुरांपेक्षा जास्त आहे का? कोणते पेशंट, कशाशी तुलना, काय मोजणार, किती काळात, हे एका वाक्यात सांगता आलं की प्रश्न तयार झाला. आणि तो तुमच्या तीन वर्षांत, तुमच्याकडे येणाऱ्या संख्येत सुटला पाहिजे. दोन वर्षांच्या फॉलोअपचा अभ्यास तिसऱ्या वर्षी सुरू करू नका.

झाडावरून आणि विहिरीत पडून होणाऱ्या मणक्याच्या दुखापतींवरही लिहायला हवं, पण त्यासाठी अपघात विभागातली नोंद आधी सुधारावी लागेल.

पायरी ३: वाचन

पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीवर मोफत शोध करता येतो. आठवड्याला एक निबंध पुरे, पण तो पद्धतीच्या भागापासून वाचा. निष्कर्ष शेवटी. सुरुवातीला मी रेसिडेंटना तीन उदाहरणं वाचायला लावतो.

पहिलं, अमेरिकेतली 'स्पोर्ट' चाचणी. दोन मणक्यांमधली गादी सरकून पाय दुखणाऱ्या ५०१ पेशंटना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं, ऑपरेशन आणि बिनाऑपरेशन. निकाल २००६ मध्ये आला. पण ऑपरेशनच्या गटातल्या निम्म्यांनीच पहिल्या तीन महिन्यांत ऑपरेशन करून घेतलं, आणि दुसऱ्या गटातल्या सुमारे ३० टक्क्यांनी तेवढ्याच काळात ऑपरेशन करून घेतलं. ज्याला सहन होत नाही तो ऑपरेशनकडे येतो, ज्याला बरं वाटतं तो घरी जातो. मग मूळ गटांची तुलना करून काय कळणार? माणसं कागदावरच्या गटात राहत नाहीत, हे यातून चांगलं कळतं.

दुसरं, ठिसूळ झालेल्या, दबलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याचं. वर्षानुवर्षं सर्जन सांगत होते की पेशंट टेबलावरून उठतानाच हसतो. २००९ मध्ये दोन चाचण्या एकत्र छापल्या गेल्या, एकीत ७८ पेशंट, दुसरीत १३१. अर्ध्या पेशंटना नुसतं भूल देऊन, सुई टोचल्याचा देखावा करून परत पाठवलं होतं. दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच आराम पडला. त्यावर अजून वाद आहे, कोणत्या पेशंटना घेतलं यावर बोट ठेवलं जातं. वाद वाचा. आपण डोळ्यांनी पाहिलेला आराम आपल्या हातामुळेच पडला असं ठरवण्याआधी थांबायची सवय लागते.

तिसरं, हाड जुळवणाऱ्या बीएमपी-२ या प्रथिनाचं. कंपनीच्या पैशावर झालेल्या १३ चाचण्यांत ७८० पेशंटपैकी एकालाही त्या प्रथिनाचा दुष्परिणाम झाला नाही, असं छापलं गेलं होतं. २०११ मध्ये डॉ. यूजीन कॅरॅजी आणि सहकाऱ्यांनी मूळ सरकारी कागदपत्रं आणि इतर माहिती ताडून पाहिली, तेव्हा दुष्परिणाम बरेच निघाले. म्हणून निबंधाच्या शेवटी बारीक अक्षरात पैसा कोणी दिला ते आधी वाचा.

पायरी ४: एथिक्स कमिटी आणि नोंदणी

पेशंटवरचं कोणतंही संशोधन एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय सुरू करायचं नाही. जुन्या फायली चाळून केलेल्या अभ्यासालाही मंजुरी लागते. तिथे कमिटी संमतीपत्रातून सूट देऊ शकते, पण ते कमिटीने ठरवायचं. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कमिटीत ७ ते १५ सदस्य असतात, बैठकीला किमान ५ लागतात, आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. बैठका दर महिन्याला होतातच असं नाही, तेव्हा तारीख विचारून मगच आपलं वेळापत्रक आखा.

पेशंटना उपचार वाटून देणारी चाचणी असेल तर सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत ती नोंदवा. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, नोंदणी मोफत आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याच्या आधीच नोंदणी करावी लागते. उशीर झाला की झाला, मागून जोडता येत नाही. निरीक्षणाचा अभ्यासही नोंदवता येतो. माझा सल्ला आहे नोंदवाच. आयसीएमआरच्या चेन्नईच्या संस्थेचा संशोधनपद्धतीचा मूलभूत ऑनलाइन अभ्यासक्रम पहिल्या वर्षातच उरकून घ्या. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना आयसीएमआरची एसटीएस ही दोन महिन्यांची शिष्यवृत्ती आहे, १९७९ पासून चालू. हातात पहिला प्रकल्प घेण्यासाठी यासारखी सोय नाही.

संमतीपत्राबद्दल जरा थांबतो. मराठीतलं छापील संमतीपत्र अक्कलकुव्याच्या आजोबांना वाचून दाखवलं आणि अंगठा घेतला, म्हणजे संमती झाली असं मी मानत नाही. पावरी किंवा भिली बोलणारा माणूस शोधा. अहिराणी बऱ्याच जणांना येते, पण धडगाव-अक्कलकुव्याला ती पुरत नाही. अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार लागतो, आणि तो आपला वॉर्डबॉय नसावा. समजलं का असं विचारलं की माणूस हो म्हणतो, डॉक्टरांना नाही कसं म्हणायचं! त्याऐवजी म्हणा, 'आबा, आता तुम्हीच मला सांगा आम्ही काय करणार आहोत.' त्याने सांगितलं तर समजलं. 'नाही म्हटलं तरी उपचार तेच मिळतील' हे वाक्य त्याच्या तोंडून आलं पाहिजे.

पायरी ५: मोजायचं कसं

'पेशंट खूश' हे मोजमाप नाही. कंबरेसाठी ऑस्वेस्ट्री ही प्रश्नावली जगभर वापरतात. दहा भाग, प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ५० पैकी, मग टक्के. वीसपर्यंत त्रास थोडा, चाळिसापर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. तिची मराठी आवृत्ती तपासून २०१३ मध्ये छापली गेली आहे. हक्कधारकांची परवानगी घेऊन तीच वापरा, घरी बसून स्वतःचं भाषांतर करू नका. लैंगिक जीवनाचा प्रश्न आपल्याकडे बहुतेक जण, विशेषतः बाया, रिकामा सोडतात. त्यांना त्यावरून छेडू नका. तो भाग सोडून ४५ पैकी टक्के काढायची रीत आहे, आणि किती जणांनी तो सोडला हे निबंधात लिहा.

लिहिता-वाचता न येणाऱ्या पेशंटला प्रश्न दुसऱ्याने वाचून दाखवावे लागतात. वाचणारा ऑपरेशन करणारा सर्जन नसावा. ज्याने चाकू चालवला त्याच्यापुढे माणूस 'बरं आहे साहेब' असंच म्हणणार. ० ते १० मध्ये वेदना किती, हा प्रश्न म्हाताऱ्यांना परका वाटतो. त्यांना आण्यांत विचारलं की 'बारा आणे फरक शे' असं चटकन येतं. पण आणे बोलणं सुरू करण्यापुरते ठेवा. तक्त्यात तपासलेली मोजपट्टीच जाईल.

एक्स-रेवरचा कोन कॉबच्या पद्धतीने मोजा, म्हणजे वाकलेल्या भागाच्या वरच्या आणि खालच्या मणक्याच्या कडेला रेषा काढून. दोन जणांनी, एकमेकांचे आकडे न बघता, आणि त्याच जोडीने दोन आठवड्यांनी परत. दोन मोजण्यांत पाचेक अंशांचा फरक नेहमीचाच आहे, त्यामुळे 'तीन अंशांनी सुधारणा' असं लिहू नका. टीबीच्या कुबडाचा अंदाज बांधायला राजशेखरन आणि षण्मुगसुंदरम यांचं १९८७ चं सूत्र अजून वापरतात: मणक्याची जेवढी उंची गेली तिला ३०.५ ने गुणून ५.५ मिळवायचे. दीड मणका खाल्ला गेला असेल तर औषधांनंतरचं कुबड साधारण ५१ अंशांचं. हे आपल्या पेशंटमध्ये किती जुळतं, हाही एक चांगला प्रश्न आहे.

पायरी ६: पेशंट परत आणणं

मणक्याच्या ऑपरेशनवरच्या अभ्यासाला चांगली जर्नलं साधारणपणे दोन वर्षांचा फॉलोअप मागतात. सगळ्यात जास्त काम इथेच अडतं, आणि मोठ्या शहरातल्या पुस्तकांनी शिकवलेलं वेळापत्रक इथे चालत नाही. ६ आठवडे, ३ महिने, ६ महिने, १ वर्ष असं छापून दिलं आणि पेशंट नोव्हेंबरमध्ये ऊसतोडीला गुजरातेत गेला, तर तीन महिन्यांची भेट आपोआप बुडाली.

आपल्या लोकांचं वर्ष सणांनी बांधलेलं आहे, तर फॉलोअपही सणांना बांधा. दिवाळीनंतर नंदुरबारच्या डोंगरातली कुटुंबं कामाला खाली उतरतात आणि होळीला परत येतात. काठी गावची राजवाडी होळी आणि त्याआधीचे भोंगऱ्या बाजार कोणी चुकवत नाही. होळीच्या आधीचा आठवडा डोंगराकडच्या पेशंटसाठी राखून ठेवा, जमलं तर तालुक्याच्या ठिकाणीच तपासणी ठेवा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात. सासरच्या नंबरावर न सापडलेली बाई त्या दोन-तीन दिवसांत माहेरी सापडते, म्हणून तर वहीत माहेर लिहायला सांगितलं. कानबाईच्या सणाला सुरत-पुण्याला नोकरीवर असलेली पोरं घरी येतात. ऑपरेशन झालेले जळगाव-धुळ्याकडचे तरुण श्रावणातल्या त्या रविवारच्या पुढेमागे भेटतात. सिनॉप्सिसमध्येच लिहा, की सहा महिन्यांची भेट पाच ते आठ महिन्यांत केव्हाही धरली जाईल. आधी लिहून ठेवलं तर ते नियोजन ठरतं, नंतर लिहिलं तर सारवासारव.

एसटीचं भाडं आणि त्या दिवसाची मजुरी देता आली तर द्या, आणि ती तरतूद एथिक्स कमिटीच्या अर्जातच दाखवा. फोन दुपारी करू नका, तेव्हा माणूस शेतात असतो. संध्याकाळी सातनंतर करा. पहिलं वाक्य 'कंबर कशी आहे?' असं असावं. 'फॉलोअपला का आला नाहीत?' असं विचारलं की पुढचा फोन उचलला जात नाही.

तरीही काही जण हरवतील. त्यांना निबंधातून गाळू नका. किती हरवले आणि हरवलेले व आलेले यांच्यात सुरुवातीला काही फरक होता का, ते लिहा. जो आला नाही तो कदाचित ठणठणीत असेल, कदाचित अंथरुणाला खिळला असेल. शक्य असेल तिथे आशाताईंना विचारून एवढं तरी कळून घ्या, की माणूस चालतो का.

पायरी ७: आकडे आणि लेखन

किती पेशंट लागतील हे आधी काढा. एक हिशेब करून दाखवतो. दोन गटांत ऑस्वेस्ट्रीचा १० गुणांचा फरक शोधायचा आहे. त्याहून कमी फरक पेशंटला फारसा जाणवत नाही. गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती विखुरलेत ते) २० धरलं, अभ्यासाची ताकद (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) ८० टक्के आणि नेहमीची ५ टक्क्यांची पातळी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) धरली, तर प्रत्येक गटात ६३ पेशंट लागतात. वीस टक्के हरवणार असं धरलं तर ७९. तीस-तीस पेशंट घेऊन 'फरक आढळला नाही' असं लिहिणाऱ्या थेसिस कपाटभर आहेत. फरक नव्हता की दिसण्याइतके पेशंट नव्हते, हे त्यातून कधीच कळणार नाही. एवढे पेशंट मिळणार नसतील तर तुलनेचा हट्ट सोडा आणि जे आहेत त्यांचं नेटकं, प्रामाणिक वर्णन करा.

हिशेबासाठी कम्युनिटी मेडिसिनच्या शिक्षकांकडे सुरुवातीलाच जा, शेवटच्या महिन्यात पेन ड्राइव्ह घेऊन जाऊ नका. सॉफ्टवेअरवर पैसे घालवायची गरज नाही. आर, जामोवी, एपी इन्फो मोफत आहेत.

लिहिताना निरीक्षणाच्या अभ्यासाला स्ट्रोब, चाचणीला कन्सॉर्ट आणि एका पेशंटच्या हकिकतीला केअर, या तपासयाद्या समोर ठेवा. लेखकांची नावं कामावरून ठरवा, हुद्द्यावरून नाही. ज्याने आखणीत किंवा माहितीत खरा वाटा उचलला, मसुदा लिहिला किंवा तपासला, अंतिम प्रत मान्य केली आणि जबाबदारी घेतली, तो लेखक. हे चारही निकष लागतात. बोलायला अवघड विषय आहे, म्हणून सुरुवातीलाच सगळ्यांसमोर कागदावर मांडा.

'तीन दिवसांत छापून देऊ' असा मेल आला की तो पुसून टाका. पैसे भरून छापलेला तसला निबंध पुढे मुलाखतीत अंगावर येतो. इंडियन स्पाइन जर्नल, इंडियन जर्नल ऑफ ऑर्थोपेडिक्स, एशियन स्पाइन जर्नल, युरोपियन स्पाइन जर्नल ही खरी ठिकाणं आहेत. निबंध नाकारला जाईल, पहिले दोन-तीन तर नक्कीच. परीक्षकांचे शेरे दोन दिवस बाजूला ठेवा, मग एकेक मुद्दा घेऊन उत्तर लिहा.

पायरी ८: पुढची वाट

एमएस किंवा डीएनबी ऑर्थोनंतर मणक्यासाठी राष्ट्रीय परीक्षा मंडळाची एफएनबी ही दोन वर्षांची फेलोशिप आहे, आणि असोसिएशन ऑफ स्पाइन सर्जन्स ऑफ इंडियाच्याही फेलोशिप आहेत. न्यूरोसर्जरीच्या बाजूने येणारेही मणक्याकडे वळतात. फेलोशिपला जाताना संस्थेचं नाव आणि तिथली ऑपरेशनची संख्या पाहाल, ती पाहाच. पण एवढंही विचारा, की तिथे पाच वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेल्या पेशंटची माहिती एका तासात मिळेल का. मिळत असेल तर तिथे जा.

परत आल्यावर एकट्याने काम करू नका. धुळे, जळगाव आणि नंदुरबारने एकच तक्ता वापरला तर सिकलसेलच्या मणक्याचे जे पेशंट एका ठिकाणी वर्षाला मोजके दिसतात, ते तिन्हीकडचे मिळून अभ्यासाइतके होतील. जुने रेसिडेंट तिन्ही जिल्ह्यांत पांगलेले असतात. फोन उचला आणि बोला.

रेसिडेन्सी संपताना शेवटचं एक काम उरतं: वही पुढच्याच्या हातात देणं. नुसती फाइल पाठवू नका. नव्या रेसिडेंटबरोबर एक अख्खी दुपार बसा आणि पानं उलटत सांगा. या पाड्यावर रेंज नाही, इथे दुकानदाराला निरोप द्यायचा. या बाईचा नवरा फोन कापतो, तिच्या भावाला लावायचा. हा आबा सारंगखेड्याच्या यात्रेला दर वर्षी येतो, दत्तजयंतीच्या आठवड्यात त्याला बोलवायचं. या पोराचा पुढचा एक्स-रे होळीला, तेव्हा ते चौदा वर्षांचं होईल.